उष्णतेची बेरीज मांडणारे रेओम्यूर

सेल्सिअस आणि फॅरेनहाइट यांच्या जोडीला जुन्या क्रमिक पुस्तकांत तापमानाचा आणखी एक मापक्रम असे. या मापक्रमावर पाणी शून्य अंशाला गोठते आणि ऐंशी अंशांना उकळते, एवढे पाठ करून परीक्षेत एखादे रूपांतराचे उदाहरण सोडवले की विद्यार्थ्याचा त्याच्याशी असलेला संबंध संपत असे. ज्यांच्या नावाने हा मापक्रम ओळखला जातो ते रेने आंत्वान फेर्शो द रेओम्यूर हे फ्रान्समधील अठराव्या शतकातील एक थोर निसर्गशास्त्रज्ञ होते. मापक्रम काळाच्या ओघात मागे पडला. मात्र तो हाती घेऊन त्यांनी १७३५ साली जो एक साधा हिशेब केला, तो आजही जगभरच्या द्राक्षमळ्यांत दरवर्षी नव्याने केला जातो.

तो हिशेब होता उष्णतेच्या बेरजेचा. वेलीला वसंतापासून एकूण किती ऊब मिळाली हे अंकांत मांडता आले, तर फळ केव्हा पिकेल, त्यात साखर कितपत भरेल आणि त्या वर्षीची वाइन कशी उतरेल याचा अदमास तोडणीच्या कितीतरी आधी बांधता येतो. आज हे काम हवामान केंद्रे आणि संगणक करतात. ज्या काळात दोन तापमापक एकमेकांशी कधीच जुळत नसत, त्या काळात अशी बेरीज करण्याची कल्पना सुचणे हेच मोठे धाडस होते.

रेओम्यूर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १६८३ रोजी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ला रोशेल येथे झाला. मीठ आणि मद्य यांच्या व्यापारावर हे बंदर पोसले गेले होते. वडील स्थानिक न्यायालयात अधिकारी होते. मूल दोन वर्षांचे होण्याआधीच त्यांचे निधन झाले आणि पुढील सांभाळ आई व नातेवाइकांनी केला. घरची स्थिती उत्तम होती, जमीनजुमला होता. वयाच्या सोळाव्या वर्षी, १६९९ मध्ये, कायद्याच्या शिक्षणासाठी त्यांना बूर्ज येथे चुलत्यांकडे पाठवण्यात आले. पण मन रमले ते गणितात आणि निसर्गात. १७०३ मध्ये त्यांनी पॅरिस गाठले आणि पाच वर्षांत, १७०८ साली, गणितज्ञ पिएर व्हारिन्यों यांचे शिष्य म्हणून विज्ञान अकादमीत त्यांचा प्रवेश झाला. तेव्हा ते पंचविशीत होते. पुढील जवळजवळ पन्नास वर्षे या संस्थेच्या कारभारावर त्यांची छाप राहिली. अकादमीचे संचालकपद त्यांच्याकडे अनेकदा आले.

अकादमीत येऊन वर्ष होते न होते तोच युरोपवर एक भीषण आपत्ती कोसळली. जानेवारी १७०९ मधील थंडीने फ्रान्समधील नद्या गोठल्या. दक्षिणेकडील ऑलिव्हची झाडे आणि ठिकठिकाणच्या द्राक्षवेली जळून गेल्या, पेरलेला गहू जमिनीतच मेला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. पॅरिसच्या वेधशाळेत त्या वेळी तापमापक होता आणि त्याची नोंदही ठेवली जात होती. परंतु त्या नोंदीतील आकड्याला अर्थ होता तो फक्त त्या एका उपकरणापुरता. मार्सेय किंवा लंडन येथील थंडीशी त्याची तुलना करायची म्हटली, तर हाती काहीच लागत नसे. प्रत्येक कारागीर आपापल्या अंदाजाने नळी भरी आणि आपापल्या सोयीने रेघा आखी. एका तापमापकाचा अंश दुसऱ्याला सर्वस्वी परका असे. देशभर हाहाकार उडवणारी थंडी नेमकी किती होती, हे सांगण्याची भाषाच त्या काळच्या विज्ञानाकडे नव्हती.

रेओम्यूर यांनी हा प्रश्न लगेच हाती घेतला नाही. त्यांची जिज्ञासा चौफेर होती. कोळ्याच्या जाळ्यापासून रेशीम मिळेल काय, खेकड्याच्या जातीतील प्राण्याचा तुटलेला पाय पुन्हा कसा उगवतो, गांधीलमाशी लाकूड चघळून आपल्या घरट्याचा कागद बनवते तर माणसाला लाकडापासून कागद का करता येऊ नये, असे एकाहून एक वेगळे विषय त्यांनी अकादमीपुढे मांडले. देशातील कारागिरांच्या कला आणि धंदे यांचे सविस्तर वर्णन तयार करण्याचे सरकारी काम त्यांच्याकडे आले. त्यातून भट्ट्या, लोहारकाम, काच, पत्रा यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. घडीव लोखंडाचे पोलाद कसे करावे यावरील त्यांचा ग्रंथ १७२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि राज्यकर्त्यांनी खूश होऊन त्यांना वर्षाला बारा हजार लिव्हरचे वेतन बांधून दिले. आपल्यानंतर ही रक्कम अकादमीला मिळावी, अशी विनंती त्यांनी केली. पैशाच्या बाबतीतला हा अलिप्तपणा त्यांच्या चरित्रात पुन्हा दिसतो. १७३५ मध्ये सेंट लुई या राजसन्मानाच्या कारभाऱ्याचे पद कौटुंबिक कारणाने त्यांनी स्वीकारले, काम चोख केले आणि वेतन मात्र नाकारले.

कारागिरांच्या सहवासातील ही वर्षे तापमापकाच्या कामी आली, असे म्हणावयास हरकत नाही. भट्टीपुढे उभा राहणारा माणूस उष्णतेचा अंदाज डोळ्यांनी आणि हाताने घेतो. तो मुरलेला असतो, पण त्याचे ज्ञान त्याच्यापाशीच राहते. ते दुसऱ्याच्या हाती द्यायचे तर माप हवे. १७३० साली रेओम्यूर यांनी अकादमीपुढे आपल्या तापमापकाची रचना मांडली. कुणीही, कुठेही, दिलेल्या कृतीप्रमाणे तो बनवला तरी त्याचे आकडे इतरांच्या आकड्यांशी जुळावेत, हा त्यांचा हेतू होता.

कृती अशी. काचेच्या फुग्यात आणि नळीत पाणी मिसळलेला मद्यार्क भरायचा. हा मद्यार्क वाइनपासूनच काढलेला असे. द्राक्षाच्या पिकण्याचा हिशेब पुढे ज्या उपकरणाने मांडला गेला, त्याच्या पोटात द्राक्षाचाच रस होता, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. पाणी गोठण्याच्या बिंदूवर या द्रवाचे आकारमान एक हजार भाग धरायचे. त्यातील एक भाग वाढला की एक अंश. गोठणबिंदूवर एक हजार भाग असलेला द्रव उकळत्या पाण्याच्या उष्णतेने एक हजार ऐंशी भागांपर्यंत फुगेल, अशा बेताचाच मद्यार्क वापरायचा. शून्य आणि ऐंशी हे दोन आकडे आले ते येथून. फॅरेनहाइट यांनी आपला मापक्रम १७२४ मध्येच प्रसिद्ध केला होता आणि सेल्सिअस यांचा शतमान मापक्रम १७४२ मध्ये यायचा होता. या दोहोंच्या मधल्या काळात फ्रान्स आणि त्याच्या वसाहतींत रेओम्यूर यांच्या तापमापकाचा बोलबाला झाला.

या उपकरणात दोष होते आणि ते लहान नव्हते. मद्यार्क पाण्याच्या आधीच उकळू लागतो, त्यामुळे वरचा बिंदू डळमळीत होता. तापमान वाढते तशी मद्यार्काची वाढ सारख्या प्रमाणात होत नाही. काचेचे फुगे इतके मोठे होते की हवेतील बदल दाखवायला त्यांना वेळ लागे. पुढे जिनीव्हाच्या जॉं आंद्रे द ल्युक यांनी पारा वापरून ऐंशी अंशांचा नवा तापमापक रूढ केला आणि तोच रेओम्यूरच्या नावाने चालू लागला. म्हणजे आपल्या पुस्तकांत आलेला मापक्रम काटेकोरपणे पाहिले तर त्यांचा नव्हेच. तरीही मूळ मुद्दा शिल्लक राहतोच. सदोष असली तरी सर्वांची फूटपट्टी एकच असेल, तर दोन गावांची आणि दोन वर्षांची तुलना करता येते.

ही तुलना रेओम्यूर यांनी लगोलग सुरू केली. त्यांनी आपले तापमापक दूरदूरच्या परिचितांना पाठवले. अल्जिअर्सहून, अमेरिकेतील फ्रेंच बेटांवरून आणि हिंदी महासागरातील ईल द फ्रान्स, म्हणजे आजच्या मॉरिशसहून त्यांच्याकडे नोंदी येऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकात ज्या बेटावर मराठी माणसे जाऊन वसली, त्या बेटाची उष्णता शंभर वर्षे आधी पॅरिसमध्ये अंकांत वाचली जात होती. खुद्द पॅरिसमध्ये ते स्वतः रोजच्या नोंदी ठेवत. सूर्योदयाच्या सुमाराचा गारवा आणि दुपारचा कडाका असे दोन आकडे घेतले की त्यांच्या मध्यावरून दिवसाची उष्णता ठरे. असे वर्षभर, न चुकता.

१७३४ आणि १७३५ या दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. दुसऱ्या वर्षी पिके मागे पडली होती. शेतकऱ्याला हे सांगायला तापमापकाची गरज नव्हती. एखादे वर्ष लवकरचे आणि एखादे उशिराचे असते, हे तो जाणतोच. फ्रान्समध्ये त्यासाठी संतांचे दिवस पाहत. मे महिन्याच्या मध्यावर येणारे थंडीचे संत होऊन गेल्याखेरीज वेलीच्या कोंभांवर भरवसा ठेवायचा नाही, अशी रीत होती. मृगावर आणि हस्तावर भिस्त ठेवणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्याला हे नवखे वाटणार नाही. रेओम्यूर यांनी वेगळे काय केले, तर एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांच्या ९१ दिवसांची उष्णता, रोजचा आकडा धरून, सरळ एकाखाली एक मांडली आणि बेरीज केली. १७३४ ची बेरीज आली ११६० अंश. १७३५ ची आली १०१५. पिके मागे का पडली याचे उत्तर या १४५ अंशांच्या तुटीत होते.

आज हे वाचताना त्यात विशेष काही वाटत नाही. तापमान ही बेरीज करण्याची वस्तू नव्हे, असा आक्षेप भौतिकशास्त्राचा विद्यार्थी घेईल आणि तो रास्तही आहे. कालचे बारा अंश आणि आजचे तेरा अंश मिळून पंचवीस अंश कुठेच अस्तित्वात नसतात. पण रोप हे तापमापकासारखे क्षणाक्षणाला वरखाली होत नाही. ते मिळालेली ऊब साठवत गेल्यासारखे वाढते. थंडीच्या दिवशी त्याची वाढ थांबते, पण झालेली वाढ परत जात नाही. वनस्पतीच्या वाढीला लागणारा काळ दिवसांत न मोजता उष्णतेत मोजावा, हा रेओम्यूर यांच्या बेरजेचा खरा आशय होता. प्रत्येक पिकाला पक्व होण्यासाठी उष्णतेची ठराविक रक्कम लागत असावी, आफ्रिका किंवा स्पेनसारख्या उष्ण प्रदेशात ती लवकर जमत असेल, फ्रान्समध्ये सावकाश आणि उत्तरेकडे त्याहून सावकाश, अशी त्यांची अटकळ होती. निरनिराळ्या देशांतील गव्हासाठी अशा बेरजा करून पाहाव्यात, असे त्यांनी सुचवले.

द्राक्षाच्या बाबतीत या विचाराचे मोल अधिक होते. गहू थोडा उशिरा पिकला तरी तो गहूच राहतो. द्राक्षाचे तसे नसते. उष्णता कमी पडली तर मण्यात पाणी उतरायला उशीर होतो, साखर पुरती भरत नाही, आंबटपणा ओसरत नाही आणि शरद ऋतूतील पाऊस गाठतो. वाइन पाणचट, आंबट होते. म्हणून फ्रान्समधील अनेक गावांत तोडणीचा दिवस शेतकऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नसे. गावातील जाणती माणसे मळ्यांतून हिंडून घड पाहत, मणी चाखत आणि त्यांच्या सल्ल्याने अधिकारी तोडणीची तारीख जाहीर करीत. त्याआधी घड तोडणाऱ्याला दंड होई. ही पद्धत अनुभवाची होती आणि चांगली होती. पण ती फळ पिकल्यावर सांगे. रेओम्यूर यांची बेरीज जूनच्या अखेरीसच बोलू लागते, तेव्हा वेलींवरचा फुलोरा नुकता गळालेला असतो आणि तोडणीला साधारण शंभर दिवस बाकी असतात. तळघरात किती पिंपे सज्ज ठेवायची, जुन्या वाइनचा साठा आज विकायचा की राखायचा, मजूर केव्हा बोलवायचे, हे सारे निर्णय त्या शंभर दिवसांवर अवलंबून असतात. रेओम्यूर यांनी स्वतः द्राक्षाचे भाकीत वर्तवण्याचा उद्योग केला नाही. त्यांनी मांडलेल्या बेरजेत मात्र त्या भाकिताचे बीज होते.

याच सुमारास त्यांचा आयुष्यातील सर्वांत मोठा ग्रंथ आकार घेत होता. कीटकांच्या इतिहासावरील त्यांच्या टिपणांचे सहा खंड १७३४ ते १७४२ या काळात प्रसिद्ध झाले. सुरवंट, फुलपाखरे, मधमाश्या, पाने पोखरणाऱ्या अळ्या यांचे इतके बारीक निरीक्षण तोवर क्वचितच कोणी केले होते. खंडांतील अनेक चित्रे एलेन द्यु मुस्तिए यांच्या हातची आहेत. त्या काळात विज्ञानाच्या ग्रंथावर स्त्रीचे नाव येणे दुर्मीळ होते आणि त्यांच्या वाट्यालाही ते आले नाही. रेओम्यूर यांनी मात्र मृत्युपत्रात आपली मालमत्ता त्यांच्या नावे ठेवून या ऋणाची पोच दिली.

कीटकांच्या या अभ्यासातला एक प्रयोग उष्णतेच्या बेरजेला थेट जाऊन भिडतो. फुलपाखरांचे कोष घेऊन त्यांनी काही कोष हिवाळ्यात राजाच्या बागेतील उबदार काचघरात ठेवले आणि काही थंड तळघरात. काचघरातील कोषांतून भर हिवाळ्यात फुलपाखरे बाहेर पडली. तळघरातील कोष नेहमीचा हंगाम उलटला तरी निपचित पडून राहिले. जे वनस्पतीत दिसले तेच प्राण्यात दिसत होते. सजीवाचे घड्याळ पंचांगाप्रमाणे चालत नाही, उष्णतेप्रमाणे चालते. माणसाचेही आयुष्य असेच लांबवता येईल काय, असा विचार त्यांच्या मनात डोकावून गेला. फुलपाखराला दीर्घायुष्य मिळते ते कोषात झोपून काढण्यासाठी, हे लक्षात घेता त्यात फारसा लाभ नव्हता.

उष्णतेचा हा नाद त्यांना कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत घेऊन गेला. इजिप्तमध्ये भट्टीत अंडी उबवतात हे ऐकून त्यांनी शेणखताच्या उबेवर पिंपांत अंडी ठेवून पाहिली. तापमापकाने उष्णता बत्तीस अंशांच्या, म्हणजे आजच्या चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास राखली की पिले बाहेर येतात, हे त्यांनी दाखवले. त्यावरील पुस्तक १७४९ मध्ये आले आणि पॅरिसमध्ये काही काळ ती एक फॅशनच झाली. पुढे १७५२ मध्ये पाळलेल्या घारीला मांस भरलेल्या नळ्या गिळायला लावून, पोटात अन्न दळले जात नाही तर रसाने विरघळते, हेही त्यांनी सिद्ध केले. या प्रयोगाचा पचनाच्या अभ्यासात आजही उल्लेख होतो.

उतारवयात एक कटू प्रकरण त्यांच्या वाट्याला आले. राजाच्या बागेचे प्रमुख ब्यूफॉं हे वयाने लहान, लेखणीचे धनी आणि दरबारात वजनदार. निसर्गाच्या अभ्यासात भव्य सिद्धांत मांडावेत, असा ब्यूफॉं यांचा कल. एकेक अळी, एकेक आकडा पारखून घ्यावा आणि मगच बोलावे, हा रेओम्यूर यांचा. दोघांचे कधीच जुळले नाही. रेओम्यूर यांनी आयुष्यभर जमवलेला पक्षी, कीटक आणि खनिजे यांचा संग्रह युरोपात नावाजलेला होता. तो त्यांनी अकादमीच्या हवाली करण्याची व्यवस्था केली होती. ऑक्टोबर १७५७ मध्ये बेरमोंदिएर येथील आपल्या वाड्यावर असताना घोड्यावरून पडून त्यांचे निधन झाले. ते ७४ वर्षांचे होते आणि अविवाहित होते. त्यानंतर तो संग्रह राजाच्या संग्रहालयात, म्हणजे ब्यूफॉं यांच्याच ताब्यात गेला. हस्तलिखितांचे ढीग अकादमीकडे आले आणि त्यातील बरेच तसेच पडून राहिले. मुंग्यांवरील त्यांचा ग्रंथ उजेडात आला तो थेट १९२६ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर १६९ वर्षांनी, आणि तोही एका अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाच्या प्रयत्नाने.

उष्णतेच्या बेरजेचे नशीब याहून बरे होते, पण तिचा प्रवासही सावकाशच झाला. रेओम्यूर यांच्या सहवासात शिकलेले मिशेल अदांसों यांनी गोठणबिंदूखालचे दिवस हिशेबातून वगळले. पॅरिसजवळच्या मोंमोरांसी येथील धर्मगुरू लुई कोत यांनी वर्षानुवर्षे हवामान आणि पिके यांच्या नोंदी जोडीने ठेवल्या. मात्र वाइनच्या दर्जाचा प्रश्न अंकांत बसवला तो कृषी रसायनशास्त्राचे एक प्रवर्तक जॉं बाप्तिस्त बूसिंगो यांनी. रेओम्यूर यांच्या बेरजेला त्या वेळी शंभर वर्षे झाली होती. अल्सासमधील एका मळ्याच्या सलग पाच वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. १८३३ मध्ये वेलीच्या वाढीच्या महिन्यांचे सरासरी तापमान १४.७ अंश सेल्सिअस होते. त्या वर्षीच्या वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण पाच टक्के भरले. पुढच्याच वर्षी सरासरी १७.३ अंश झाली आणि मद्यार्क अकरा टक्क्यांवर गेला. तोच मळा, त्याच वेली. अवघ्या अडीच अंशांनी वाइनचे बळ दुपटीहून अधिक वाढवले होते.

रेओम्यूर यांच्या अटकळीतला कच्चा दुवाही याच शतकात स्पष्ट झाला. प्रत्येक पिकाला सर्वत्र उष्णतेची तेवढीच रक्कम लागते, हे त्यांचे गृहीतक जसेच्या तसे टिकले नाही. उत्तरेकडील उन्हाळ्याचा लांबलचक दिवस, जमिनीतील ओल, पिकाची जात यांनी हिशेब बदलतो. शिवाय ठराविक उष्णतेखाली वनस्पती हलतच नाही, तेव्हा ती उष्णता मोजण्यात अर्थ नसतो. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोंस द कांदोल यांनी १८५५ मधील आपल्या ग्रंथात या मुद्द्याचा विस्तार केला. द्राक्षवेलीसाठी ही पायरी दहा अंश सेल्सिअस धरतात. दिवसाची सरासरी अठरा अंश असेल तर वेलीच्या खात्यात आठच जमा होतात. कॅलिफोर्नियातील मेनार्ड अमेरिन आणि आल्बर्ट विंकलर यांनी १९४४ मध्ये याच रीतीने एप्रिल ते ऑक्टोबरची बेरीज करून आपल्या राज्याचे पाच पट्टे पाडले आणि कोणत्या पट्ट्यात कोणती द्राक्षे लावावीत हे ठरवून दिले. आपल्याकडे वेल हिवाळ्यात युरोपातल्यासारखी झोपी जात नाही, म्हणून नाशिकचा बागाईतदार ऑक्टोबर छाटणीच्या तारखेपासून मोजणी सुरू करतो. आरंभ निराळा असला तरी हिशेबाची रीत तीच.

तरीही उष्णता हा अर्धाच हिशेब आहे. भरपूर ऊब मिळूनही तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला तर मणी फुगतात, फुटतात, कुजतात. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस बोर्दोच्या वाइनसाठी जे सूत्र मांडले, त्यात तीन गोष्टी धरल्या होत्या. आधीचा हिवाळा ओला, वाढीचा हंगाम उबदार आणि तोडणीपूर्वीचे आठवडे कोरडे असतील, तर त्या वर्षीची वाइन पुढे चढ्या भावाने विकली जाते. वाइन चाखूनच तिची पारख होते, असे मानणारे नामांकित समीक्षक या सूत्रावर तुटून पडले. तज्ज्ञाची जीभ मोठी की आकडे, हा वाद पुढे बराच रंगला. रेओम्यूर यांना तो ओळखीचा वाटला असता. भट्टीपुढच्या लोहाराच्या डोळ्याची जागा नळीतल्या रेघेने घ्यावी काय, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच.

रेओम्यूर यांच्या काळात चिंता होती ती उष्णतेच्या तुटीची. त्यानंतर चित्र पालटले आहे. बर्गंडीतील बोन या गावच्या १३५४ पासूनच्या तोडणीच्या तारखा संशोधकांनी एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. १९८७ पर्यंत ही तारीख सरासरीने २८ सप्टेंबरच्या आसपास येत असे. १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस अलीकडे सरकली आहे. उष्णतेची रक्कम आता लवकर भरते. साखर झपाट्याने चढते, आंबटपणा त्याच वेगाने उतरतो आणि बियांना व सालीला मुरायला पुरेसा अवधी मिळत नाही. घड ऑगस्टच्या तापातच तोडावे लागतात. म्हणून काही बागाईतदार आता उंचावरील, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर वेली लावू लागले आहेत, म्हणजे उष्णतेची बेरीज थोडी सावकाश पुरी होईल.